कांचनाबुरीला निघण्यापूर्वी: तयारीची यादी

सगळ्यात आधी दिवस मोजा, बॅग नंतर भरा. थायलंडच्या या पश्चिमेकडच्या प्रांताचे मुख्य शहर बँकॉकपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि प्रांत थेट म्यानमारच्या सीमेपर्यंत जातो. बँकॉकहून सकाळी निघून संध्याकाळी परत आणणाऱ्या सहलीत 'क्वाय' नदीवरचा प्रसिद्ध पूल दिसतो, फोटो निघतो आणि बाकी सगळे राहून जाते. इथला भूगोल दोन नद्यांनी ठरवला आहे. ख्वे याई म्हणजे मोठी ख्वे आणि ख्वे नोई म्हणजे धाकटी ख्वे. दोघी वेगवेगळ्या खोऱ्यांतून येतात, कांचनाबुरी शहरापाशी मिळतात आणि तिथून पुढे मे क्लाँग नावाने वाहतात. एरावनचा धबधबा मोठीच्या खोऱ्यात शहरापासून सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. हेलफायर पास, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात कैद्यांनी रेल्वेसाठी खडक फोडून काढलेली खिंड, धाकटीच्या खोऱ्यात ८० किलोमीटरवर आहे. मध्ये डोंगर असल्यामुळे ही दोन ठिकाणे एका दिवसात बसवली की दोन्ही अर्धवट होतात. म्हणून किमान तीन मुक्काम धरावेत: एक दिवस शहर, एक दिवस रेल्वे आणि हेलफायर पास, एक दिवस एरावन. सीमेजवळच्या संखलाबुरीला जायचे असेल तर आणखी दोन मुक्काम वाढवावेत.

महिना निवडताना नोव्हेंबर ते जानेवारीला पहिली पसंती द्यावी. पाऊस नुकताच संपलेला असतो, धबधब्यांना पाणी असते आणि हवा चालण्याजोगी असते. फेब्रुवारीपासून साई योक नोईसारखे धबधबे रोडावतात. मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि शेतातल्या जाळपोळीचा धूर डोंगर झाकून टाकतो. जून ते ऑक्टोबर पावसाचा. जंगल तेव्हा सर्वांत सुंदर दिसते, पण जोराचा पाऊस झाला की राष्ट्रीय उद्यानातले वरचे टप्पे बंद करतात आणि पायवाटांवर जळवा असतात. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला पुलापाशी ध्वनिप्रकाशाचा वार्षिक उत्सव भरतो. त्या दिवसांत खोल्या लवकर भरतात. २५ एप्रिलला अँझॅक दिनानिमित्त, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, हेलफायर पासमध्ये पहाटे अभिवादनाचा कार्यक्रम असतो. त्याला जायचे तर मुक्काम आणि गाडी खूप आधी ठरवावी.

कागदपत्रांचे थोडक्यात. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. भारतीयांसाठीचे व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, तेव्हा तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम वाचावा. मे २०२५पासून डिजिटल आगमनपत्र सक्तीचे आहे. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन आणि मोफत भरता येते, पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, ती घरीच ठेवावी. स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा आणि त्यावर दुचाकीची नोंद आहे ना, ते पाहावे. ती नसेल तर अपघातात प्रवास विमा हात वर करतो. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, पण ३२३ क्रमांकाच्या महामार्गावर अवजड ट्रक वेगात असतात. नवख्याने स्कूटर शहरापुरतीच ठेवावी.

रोख रक्कम बँकॉकमध्येच बदलून घ्यावी. परदेशी कार्डावर थाई एटीएम दर वेळी २०० बाथहून जास्त शुल्क कापते, म्हणून थोडे थोडे काढणे महाग पडते. रेल्वेचे तिकीट, उद्यानाचे प्रवेशशुल्क, बस, खानावळ सगळीकडे सुटे लागतात. १०० आणि २०च्या नोटा वेगळ्या ठेवाव्यात.

रेल्वेने जायचे ठरवले तर एक चूक हमखास होते: लोक बँकॉकच्या मुख्य स्थानकावर जाऊन उभे राहतात. कांचनाबुरीवरून पुढे नाम तोक या शेवटच्या स्थानकापर्यंत जाणारी रोजची गाडी चाओ फ्राया नदीच्या पश्चिमेकडच्या थोनबुरी स्थानकातून सुटते, एक सकाळी पावणेआठ-आठच्या दरम्यान आणि दुसरी दुपारी दोनच्या सुमारास. वेळ आदल्या दिवशी पडताळावी. गाडीला फक्त तिसरा वर्ग, लाकडी किंवा कडक बाके, पंखे आणि उघड्या खिडक्या. परदेशी प्रवाशाला सरसकट १०० बाथ पडतात, आरक्षण नसते, तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळते. कांचनाबुरीपर्यंत अडीच-तीन तास लागतात. घाई असेल तर दक्षिणेकडे जाणाऱ्या बसगाड्यांच्या साई ताई माई स्थानकावरून मिनीव्हॅन मिळते, ती दोन-अडीच तासांत पोहोचवते. मात्र तिच्यात मोठ्या सूटकेसला जागा नसते. त्यामुळे माणशी एकच पाठीवरची बॅग, हा नियम इथे मोडू नये.

शहरातल्या दिवसाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी संग्रहालय, मग दफनभूमी, मग पूल. उलटा क्रम लावला की पूल हा नुसता लोखंडी पूल वाटतो. स्थानकाजवळच थायलंड-बर्मा रेल्वे केंद्राचे संग्रहालय आहे, त्याला दोन तास द्यावेत. जपानी लष्कराने १९४२-४३मध्ये थायलंडातल्या नाँग प्लादुकपासून बर्मातल्या थानब्यूझायतपर्यंत ४१५ किलोमीटरचा मार्ग टाकला. समुद्रमार्गे बर्मातल्या फौजेला रसद पोहोचवणे धोक्याचे झाले होते आणि त्या फौजेसमोर भारताची सीमा होती, हे त्यामागचे कारण. दोन्ही टोकांकडून आलेले रूळ १७ ऑक्टोबर १९४३ला जोडले गेले. ६० हजारांहून अधिक युद्धकैदी कामाला जुंपले होते, त्यांतले १२ हजारांहून अधिक मेले. उपासमार, आमांश, मलेरिया, पायांवरचे चिघळलेले व्रण आणि १९४३च्या पावसाळ्यातला कॉलरा, या कारणांनी.

संग्रहालयासमोरच्या दफनभूमीत जवळजवळ ७ हजार ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि डच कैद्यांच्या कबरी आहेत. थडग्यांवरची वये वाचत चालावे, बावीस, चोवीस, सव्वीस. प्रवेशद्वाराच्या इमारतीत अविभाजित भारताच्या लष्करातल्या ११ जणांची नावे कोरलेली आहेत. त्यांना थायलंडमधल्या मुस्लिम कबरस्तानांत पुरले होते आणि त्या कबरी कायम राखणे शक्य नव्हते. भारतीय वाचकाने तिथे थांबावेच. त्याहून मोठी गोष्ट दफनभूमीत दिसतच नाही. या मार्गावर सर्वाधिक मेले ते आशियाई मजूर: मलायातल्या रबराच्या मळ्यांतले तमिळ, शिवाय बर्मी, जावानीज, मलय. त्यांची संख्या लाखांत होती, मृतांचे अंदाज हजारोंच्या घरांत बरेच वरखाली होतात, कारण त्यांची नोंदच नीट ठेवली गेली नाही. कैद्यांबरोबर त्यांचे लष्करी डॉक्टर होते, मजुरांबरोबर जवळजवळ कोणी नव्हते. त्यांच्यासाठी नावांच्या रांगा नाहीत. पाहायला जाताना हे ठाऊक असले पाहिजे, नाहीतर अर्धाच इतिहास पाहून परतणे होते. ज्यांना गर्दी नको त्यांनी शहराबाहेर ख्वे नोईच्या काठी चुंगकाईची दफनभूमी पाहावी. तिथे सुमारे १,७४० कबरी आहेत आणि बहुतेक वेळा कोणीही नसते. दोन्हीकडे प्रवेश मोफत. खांदे-गुडघे झाकणारे कपडे, हलका आवाज आणि कबरींवर टेकायचे नाही, एवढे पाळावे.

पुलापाशी संध्याकाळी चार नंतर जावे, लोखंड तापलेले नसते. कमानदार लोखंडी गाळे जावामधून आणलेले, मूळचे. मधले दोन सरळ कोनांचे गाळे युद्धानंतर जपानने भरपाई म्हणून दिलेले, कारण मूळचे बॉम्बहल्ल्यांत पडले. हा फरक डोळ्यांनी शोधावा. आणखी एक गंमत अशी की पूल बांधला तेव्हा या पात्राचे नाव मे क्लाँग होते. १९५७च्या गाजलेल्या चित्रपटानंतर लोक 'क्वाय' नदीवरचा पूल शोधत येऊ लागले, म्हणून १९६०मध्ये नदीच्या या भागाला ख्वे याई नाव दिले. उच्चार 'ख्वे' असाच करावा, थाईमध्ये 'ख्वाय' म्हणजे म्हैस. पुलावरून आजही गाडी जाते. ती हळू येते, शिट्टी देते, बाजूला थांबायला सज्जे आहेत. तरी लहान मुलांचा हात सोडू नये, फळ्यांमधल्या फटींतून खाली पाणी दिसते.

दुसऱ्या दिवशी कांचनाबुरी स्थानकावरून नाम तोकची सकाळची गाडी धरावी. जाताना डाव्या बाजूला बसावे. थाम क्रासेजवळ गाडी कड्याला चिकटलेल्या लाकडी पुलावरून अगदी पावलापावलाने जाते आणि खाली ख्वे नोई वाहते, हे दृश्य डावीकडेच आहे. उजवीकडे बसणाऱ्याला खडक दिसतो. डोके आणि हात खिडकीबाहेर काढू नयेत, खडक खरोखर हाताच्या अंतरावर आहे. रूळ नाम तोकला संपतात. हेलफायर पास तिथून पुढे १८-२० किलोमीटरवर, ३२३ महामार्गावर. नाम तोकला उतरून बस किंवा भाड्याची गाडी करावी लागते. चौघे असाल तर शहरातूनच दिवसभरासाठी गाडी ठरवून ती नाम तोकला बोलावणे सोपे पडते. बसने परतायचे असेल तर दुपारी साडेतीन-चारलाच रस्त्यावर येऊन उभे राहावे. संध्याकाळी पाचनंतर बस मिळेल असे धरू नये.

हेलफायर पासचे केंद्र ऑस्ट्रेलिया सरकार चालवते. प्रवेश मोफत, ध्वनिफितीचे यंत्र मागून घ्यावे, तीच इथली खरी वाट दाखवते. केंद्र दुपारी चारला बंद होते, म्हणून एकच्या आत पोहोचावे. खिंडीत उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत आणि खाली रुळांखालची सुटी खडी अजून तशीच आहे. चपला आणि पातळ तळाचे बूट घालून आलेले लोक इथेच घोटा मुरगळून घेतात. टाच धरणारे, जाड तळाचे बूट हवेत. माणशी किमान दीड लिटर पाणी घ्यावे, वाटेत दुकान नाही. खडकात छिद्रे हाताने पाडली गेली: एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, मग छिद्रात सुरुंग ठासायचा. भिंतीवर ती छिद्रे दिसतात आणि एका ठिकाणी तुटलेली पहार अजून रुतून आहे. रात्री मशालींच्या उजेडात काम चाले, त्यावरून हे नाव पडले. गुडघे दुखणाऱ्यांनी वर चढायला खाली उतरण्याच्या दुप्पट वेळ धरावा. पुढची वाट कुठपर्यंत उघडी आहे, हे निघण्यापूर्वी केंद्रातच विचारावे.

एरावन म्हणजे आपला ऐरावत. सर्वांत वरच्या, सातव्या टप्प्यावरचा खडक हत्तीच्या मस्तकासारखा दिसतो म्हणून हे नाव. उद्यान सकाळी आठला उघडते आणि पहिल्या बसनेच निघायला हवे, कारण वरचे टप्पे दुपारी साडेतीनच्या सुमारास रिकामे करायला लागतात. परदेशी प्रौढाला प्रवेश ३०० बाथ. सात टप्पे मिळून दीड-दोन किलोमीटरची वाट आहे, न पोहता वर जायला दीड तास लागतो. पाचव्यानंतर चढ उभा आणि खडक ओले आहेत. हुशारी अशी की आधी सरळ सातव्यापर्यंत चढायचे आणि उतरताना पोहायचे. खाली रमलेले बहुतेक लोक वर पोहोचतच नाहीत. दुसऱ्या टप्प्यानंतर खाद्यपदार्थ नेता येत नाहीत आणि प्रत्येक प्लास्टिक बाटलीसाठी २० बाथ अनामत घेतात. स्टीलची बाटली नेली तर ही कटकट बरीच कमी होते. पोहायला लाइफ जॅकेट सक्तीचे आहे, ते तिथेच भाड्याने मिळते. पाण्याचा निळसर हिरवा रंग चुनखडीचा. तोच चुना खडकांवर साचून पायऱ्या घडवतो, म्हणून कडांवर उभे राहून त्या मोडू नयेत. मासे पायांची कातडी टोचतात, घाबरू नये. माकडे मात्र पिशवी पळवतात, कॅरीबॅग उघडी धरू नये. सुती कपडे भिजून जड होतात आणि परतीच्या बसमध्ये वाळत नाहीत. झटकन वाळणारी विजार आणि टीशर्ट घालावा, कोरडा जोड वेगळा ठेवावा.

संखलाबुरी हे कांचनाबुरी शहरापासून सव्वादोनशे किलोमीटरवर आहे, वळणाच्या रस्त्याने चार तास. गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी. तिथला मोन या स्थानिक समाजाचा लांबलचक लाकडी पूल २०१३च्या पुरात मधोमध तुटला होता आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहिला. पहाटे पुलापलीकडे भिक्खूंना दान देतात. डिसेंबरात थंडी असते, एक जाकीट घ्यावे.

शाकाहाऱ्यांची खरी अडचण मांसाची नसून माशाच्या सॉसची आहे. भाजीच्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात हा सॉस, म्हणजे 'नाम प्ला', पडतो आणि चटणीत सुकी कोळंबी. पिवळ्या कागदावर लाल रंगात इंग्रजी 17सारखे दिसणारे अक्षर लावलेले दुकान शोधावे. ते 'जे' पद्धतीचे जेवण: मांस, मासे, अंडी, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. कंदमुळे मात्र असू शकतात, जैन कुटुंबांनी ते विचारून घ्यावे. अशी बरीच दुकाने दुपारीच बंद होतात. एरावन किंवा हेलफायर पासच्या दिवशी म्हणून सकाळीच डबा भरून घ्यावा. घरून दशम्या, दाण्याची चटणी आणि भाजलेले पोहे नेले तर दोन दिवस निघतात.

औषधांत ओआरएस, जुलाबाची औषधे, जंतुनाशक मलम, पट्ट्या आणि डास पळवणारे मलम. डेंग्यू सगळीकडे आहे, सीमेजवळच्या जंगलात मलेरियाही. संखलाबुरीला जाणाऱ्यांनी डॉक्टरांना निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी विचारावे. भारतीय तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, गोल दोन पिनांचा चालतो. नदीवरच्या तराफ्याच्या खोल्या सुंदर आहेत, पण काहींत वीज नसते. पॉवर बँक आणि डोक्याला लावायची विजेरी असावी. धरणातून पाणी सोडले की प्रवाह अचानक वाढतो, म्हणून मुलांना तिथे पाण्यात उतरताना जॅकेट घालावेच. शहरात शुक्रवार-शनिवारी नदीवर गाण्यांचे तराफे फिरतात. झोप महत्त्वाची असेल तर खोली काठापासून लांब घ्यावी.

परतीचे विमान त्याच रात्री असेल तर दुपारच्या रेल्वेवर विसंबू नये. ती अर्धा-पाऊण तास उशिरा येणे नेहमीचे आहे आणि थोनबुरीपासून सुवर्णभूमी विमानतळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, संध्याकाळच्या कोंडीत दोन तासांवर. शेवटचा मुक्काम बँकॉकला तरी करावा, नाहीतर सकाळची मिनीव्हॅन धरावी.