दातांच्या डॉक्टरकडे जाताना गोळ्यांची पिशवी न्या

मिरजेत एका दातांच्या दवाखान्यात मी काउंटर सांभाळते. साठीच्या पुढचा पेशंट आला की पहिला प्रश्न, "काका, गोळ्या कुठल्या चालू आहेत?" उत्तर ठरलेलं: "बीपीची एक, शुगरची एक आणि ती बारकी पांढरी." आता ती बारकी पांढरी रक्त पातळ करणारी असली तर डॉक्टरांना नेमकं तिचंच नाव हवं असतं. नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नका. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा आणि शेवटची फाइल एका पिशवीत घालून आणा.

दात काढायचाय म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. शेजारच्या अण्णांनी केली होती, हे कारण चालत नाही. एखाददुसरा दात बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच काढतात. गरज पडली तर टाका घालतात. बंद करायची का, हे हृदयाचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर बोलून ठरवतील. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळी, असलेल्याने परस्पर गोळी सोडली तर दात राहिला बाजूला, जिवावर बेतायचं.

पिशवीत कधीच न सापडणारी गोष्ट म्हणजे हाडं ठिसूळ झाली म्हणून घेतलेलं इंजेक्शन. वर्षातून एकदा सलाईनमधून देतात किंवा सहा महिन्यांनी टोचतात, त्यामुळे आजींच्या लेखी ते औषधच नसतं. आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यायची गोळीही त्यातलीच. या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. कॅन्सरसाठी हीच औषधं मोठ्या डोसात चालू असतील तर धोका जास्त. म्हणून न विसरता सांगा, आणि औषध अजून सुरू व्हायचं असेल तर त्याआधीच दात दाखवून घ्या.

शुगर असेल तर सकाळची वेळ मागा. नाश्ता करून, नेहमीचं औषध घेऊन या. "दात काढायचाय म्हणून काही खाल्लं नाही" म्हणणारे बरेच जण असतात आणि खुर्चीतच त्यांना घाम फुटतो. भूल तेवढ्या जागेपुरती असते, तिला उपास लागत नाही. काम झाल्यावर ताडकन उठू नका. पाय खाली सोडून मिनिटभर बसा, मग उभे राहा.

दात काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. मग दिवसभर थुंकायचं नाही, खळाळून चूळ भरायची नाही, कारण रक्ताची गुठळी निघाली की जखम उघडी पडते. लाळ गिळा. हे सांगितलं की आज्या माझ्याकडे फार संशयाने बघतात.

घरचं थोडक्यात. वयानुसार हिरड्या खाली सरकतात, मुळं उघडी पडतात आणि तिथे कीड लवकर लागते. बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, त्याने आणखी भर. 1000 पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) आसपास फ्लोराईड असलेली पेस्ट आणि मऊ ब्रश घ्या, रात्री झोपताना नक्की घासा. बोटं आखडली असतील तर ब्रशच्या दांड्याला जुनं कापड गुंडाळून रबरबँड लावा. कोरड पडली की गोळी-चॉकलेट चघळू नका, पाण्याचे घोट घ्या. आणि मिश्री सोडा. "दात हलतात म्हणून लावते" म्हणतात, पण ती तंबाखूच आहे. तोंडातला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दुखत नसला तरी दाखवा.

आता कवळी. हातातून निसटून बेसिनवर आपटली की दोन तुकडे, म्हणून खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवूनच धुवा. साधा लिक्विड साबण आणि मऊ ब्रश पुरे. पेस्टने चरे पडतात, उकळत्या पाण्याने ती वाकते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. चोवीस तास घालून राहिलं की टाळूला लालभडक बुरशी धरते. टोचली म्हणून कानशीने घासणं आणि तुटली म्हणून फेविक्विकने चिकटवणं, हे दोन्ही घरगुती कारखाने बंद. जबड्याचं हाड झिजत जातं, त्यामुळे कवळी ढिली होते आणि तिला आतून अस्तर घालून घ्यावं लागतं; दर वेळी नवी करायची गरज नसते.

कवळी टोचते म्हणून येणारे ती आठवडाभर काढून ठेवतात आणि खिशातून रुमालात आणतात. तोवर जखम भरलेली असते आणि डॉक्टरांना घासायचं कुठे ते कळत नाही. येण्याच्या आदल्या दिवशी सोसवेल तेवढी घाला, म्हणजे लाल ठिपका दिसतो आणि काम पाच मिनिटांत होतं.