चातुर्मासाचा नेम: घरातली आवक थांबवून माळा मोकळा करण्याची रीत

दिवाळीच्या आधी आपण घर आवरतो, माळ्यावरचे सामान खाली काढतो, त्यावरची धूळ झटकतो आणि त्यातले बहुतेक सामान पुन्हा माळ्यावर चढवतो. पोतेभर रद्दी आणि भंगार जाते, घर चार दिवस मोकळे वाटते आणि संक्रांत येईपर्यंत कपाटांची दारे पुन्हा लागेनाशी होतात. आमच्या घरी हे अनेक वर्षे असेच चालले होते. लासलगावला कांद्याची आवक वाढली की भावाचे काय होते, हे नाशिक जिल्ह्यात कोणालाही सांगावे लागत नाही. घरातल्या आवकेचा हिशेब मात्र आपण ठेवत नाही आणि बाहेर काढलेल्या सामानाची जागा नवे सामान घेते. म्हणून येथे क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की, आधी घरातल्या सर्वांनी मिळून खरेदी कमी करण्याचा नेम धरावा आणि तो चालू असतानाच, थोडे थोडे करून, घर मोकळे करावे.

नेम कसा धरावा

आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा काळ या कामासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. चातुर्मासात काहीतरी सोडण्याची सवय आपल्या घरांना आहेच; कोणी कांदा-लसूण सोडते, कोणी वांगे, कोणी एकभुक्त राहते. त्यामुळे ‘यंदा चार महिने घरात नवी वस्तू आणायची नाही, हा आपला नेम’ असे म्हटले की घरातल्या वडीलधाऱ्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हीच गोष्ट काटकसर म्हणून मांडली, तेव्हा आमच्या सासूबाईंना ती पैशाची तंगी वाटली होती. नेम म्हटल्यावर त्याच सर्वांत काटेकोर निघाल्या.

नेम तोंडी ठेवू नये, कागदावर लिहावा. किराणा, भाजीपाला, दूध, औषधे, शाळेचे साहित्य आणि बिघडलेल्या वस्तूंची दुरुस्ती यांना पूर्ण मोकळीक असावी. कपडे, पादत्राणे, भांडी, चादरी, खेळणी, शोभेच्या वस्तू आणि मोबाइलचे जोडसाहित्य चार महिने बंद. रोजच्या वापरातली वस्तू दुरुस्त होण्यापलीकडे मोडली तर तिच्या जागी नवी आणता येईल, पण जुनी घराबाहेर गेल्यानंतरच. नाहीतर नवा कुकर ओट्यावर आणि जुना माळ्यावर, असे होते. घरातल्या प्रत्येकाला चार महिन्यांत एका वस्तूची सूट ठेवावी. मुलांच्या बाबतीत ही सूट फार महत्त्वाची आहे, कारण कडक बंदी त्यांना शिक्षेसारखी वाटते, आणि सूट एकच आहे हे कळल्यावर ती कशावर खर्च करावी याचा विचार ती स्वतः करू लागतात.

स्वयंपाकघराच्या दाराशी एक वही दोरीने टांगून ठेवावी. ज्याला जे घ्यावेसे वाटेल त्याने ते तिच्यात लिहावे: तारीख, वस्तू, अंदाजे किंमत आणि ती कशासाठी हवी याचे एक वाक्य. लिहिलेली वस्तू लगेच घ्यायची नाही, खोडायचीही नाही. आमच्या वहीत मुलीने पहिल्याच आठवड्यात ‘पाण्याची बाटली, निळी, झाकणाला कडी असलेली’ असे लिहिले होते. पंधरा दिवसांनी त्याच ओळीखाली तिच्याच अक्षरात ‘जुनी सापडली, शिवणाच्या मशीनमागे होती’ असे आले. नेम धरण्यामागचे कारण मी तिला इतके स्पष्ट कधीच सांगू शकले नसते.

फोनवरच्या दुकानांचे काय करावे, हे थोडक्यात सांगते. खरेदीची अॅप काढून टाकावीत, जी ठेवणे भाग आहे त्यांच्या सूचना बंद कराव्यात आणि त्यांत साठवलेले कार्डाचे तपशील पुसावेत. दर वेळी आकडे भरावे लागले की निम्मी खरेदी तिथेच थांबते.

मुहूर्त, वाण आणि आहेर

साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा आणि बलिप्रतिपदेचा अर्धा, असे दीड मुहूर्त चातुर्मासातच येतात, शिवाय धनत्रयोदशी असते, आणि नेम मोडतो तो बहुधा याच दिवसांत. मुहूर्त हा चांगल्या कामाच्या आरंभासाठी असतो. ते काम म्हणजे खरेदीच असली पाहिजे असे नाही. दसऱ्याला घरातल्या आहे त्याच अवजारांची आणि वाहनांची पूजा होते. धनत्रयोदशीला धने आणि गुळाचा नैवेद्य दाखवण्याची रीत आहे. धने-गूळ किराण्यात बसतात, आणि ते संपतातही. याउलट पितृपक्षात अनेक घरांत नवी खरेदी करत नाहीतच, तेव्हा ते पंधरा दिवस आयतेच मिळतात.

खरी चिवट आवक मात्र आपण विकत न घेतलेल्या वस्तूंची असते. आपल्या कपाटातले ब्लाऊजपीस एकदा मोजून पाहावेत. ओटीत आलेले, पुढच्या ओटीसाठी ठेवलेले, अस्तरालाही न पुरणारे ते तुकडे या घरातून त्या घरात वर्षानुवर्षे फिरत राहतात आणि कोणीही ते शिवत नाही. हळदीकुंकवाच्या वाणाचेही तेच: प्लास्टिकच्या डब्या, चाळण्या, पातळ पत्र्याच्या वाट्या. वाण नाकारणे आपल्या रीतीत बसत नाही आणि नाकारूही नये, पण आपण काय लुटायचे हे आपल्या हातात आहे. तीळ, गूळ, हळद, शेंगदाणे, तुळशीचे किंवा गवती चहाचे रोप अशी संपणारी किंवा वाढणारी वस्तू द्यावी. दोन-तीन वर्षांत ओळखीच्या घरांतूनही तसेच वाण येऊ लागते, हा माझा अनुभव आहे. जवळच्या नात्यात मात्र स्पष्ट बोलावे. ‘वन्सं, या वेळी साडी नको, आपण दोघी त्र्यंबकला जाऊन येऊ’ असे मी नणंदेला म्हटले, तेव्हा त्यांनाही हायसे वाटले.

आवरायला कुठून सुरुवात करावी

आठवणींच्या वस्तूंपासून सुरुवात करू नये. फोटो, पत्रे, बाळंतविड्यातली टोपडी हातात आली की दुपार निघून जाते आणि काहीच ठरत नाही. स्वयंपाकघर आधी घ्यावे, कारण तिथे भावना कमी आणि डबे जास्त असतात. श्रीखंडाचे रिकामे डबे सगळे बाहेर काढून जमिनीवर मांडावेत आणि प्रत्येकाला त्याचे झाकण लावून पाहावे. ज्याला झाकण नाही तो डबा आणि ज्याला डबा नाही ते झाकण सुक्या कचऱ्यात घालावे. उरलेल्यांतून डबा भरून शेजारी काही देण्यापुरते पाच-सहा ठेवावेत.

ऋतूचा विचार करून बेत आखावा. आषाढ-श्रावणात नाशिकला दिवसचे दिवस ऊन पडत नाही, तेव्हा स्वयंपाकघर आणि कागदपत्रे घ्यावीत. घटस्थापनेपूर्वी अंथरुणे-पांघरुणे धुण्याची आपल्याकडे पद्धत आहे, त्या दिवसांत गोदाकाठी गोधड्या वाळताना दिसतात. कपडे आणि गाद्यांची निवड तेव्हाच करावी, कारण सगळे एकदा हाताखालून जाणारच असते. माळा ऑक्टोबरच्या उन्हात काढावा. एका रविवारी एकच जागा घ्यावी आणि काढलेले सामान त्याच दिवशी घराबाहेर जाईल अशी सोय आधी करून ठेवावी. दाराशी ठेवलेली पिशवी आठ दिवसांत पुन्हा उघडली जाते.

दुसऱ्याच्या वस्तूचा निर्णय आपण घेऊ नये. ही चूक मी केली आहे. सासूबाई गावी गेल्या असताना माळ्यावरची पोचा आलेली पितळी कळशी मी मोडीत घातली. परतल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, ‘नळ नव्हता तेव्हा मी त्या कळशीने पाणी भरलंय गं.’ कळशी परत मिळण्यासारखी नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे ठरले आहे की, ज्याची वस्तू त्यानेच ती हातात घेऊन ‘राहील’ किंवा ‘जाईल’ म्हणायचे, आणि मोठ्या माणसांना त्या वस्तूची गोष्ट सांगायला पुरेसा वेळ द्यायचा. गोष्ट ऐकली गेली की पुष्कळदा वस्तू सोडायला तेच तयार होतात. पुढे पाणी तापवायच्या जुन्या बंबाच्या बाबतीत सासूबाईंनी स्वतःच ‘जाऊ दे’ म्हटले.

कोणती वस्तू कुठे द्यावी

तांब्या-पितळेच्या भांड्यांना मोडीतही चांगला भाव येतो. भांडी बाजारात नेण्यापूर्वी तांबे आणि पितळ वेगळे करावे, कारण दोन्हींचे भाव वेगळे असतात, घरी वजन करून ठेवावे आणि दोन दुकानांत विचारावे. जी पातेली वापरता येतील ती मोडण्याआधी कल्हई करून वापरात आणण्याचा विचार जरूर करावा.

सुती साड्या आणि धोतरे गोधडीसाठी द्यावीत. शिवणाऱ्या बाईंना मजुरी देऊन घरच्याच साड्यांची गोधडी शिवून घेतली, तर आईची साडी कपाटात न राहता अंगावर राहते. चांगले कपडे धुऊन, बटणे लावून मगच कोणाला द्यावेत. फाटके कपडे दान म्हणून देणे म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणे आहे. त्यांची फडकी करावीत. बोहारीण दारावर आली तर तिला जुने कपडे अवश्य द्यावेत, पण बदल्यात भांडे घेऊ नये, नाहीतर साड्या जाऊन त्यांच्या जागी स्टीलची पातेली येतात. हे कपडे पुढे विकून तिचे घर चालते, तेव्हा आपण काहीच न घेतल्याने कोणाचे नुकसान होत नाही.

पुस्तकांसाठी आधी यादी करावी. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे आणि अशा जुन्या संस्थेकडे आपली प्रत आधीच असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून पुस्तके थेट नेऊन टाकण्यापेक्षा यादी दाखवून विचारावे. शाळेची पुस्तके त्याच वर्षी खालच्या वर्गातल्या मुलांना द्यावीत, कारण अभ्यासक्रम बदलला की ती रद्दीच होतात.

कागदपत्रांच्या बाबतीत घाई अजिबात करू नये. खरेदीखत, इंडेक्स-२ (दस्तनोंदणीचा उतारा), वारस नोंदीचे कागद, मृत्युपत्र, जन्म-मृत्यूचे दाखले आणि पेन्शनचे आदेश कायम ठेवावेत. ट्रंकेत कागदी शेअर सापडले तर ते बाद समजून फाडू नयेत. १ एप्रिल २०१९ पासून सूचिबद्ध कंपन्यांच्या कागदी शेअरचे हस्तांतरण थांबले असले तरी मालकी संपत नाही, ते डिमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक रूपात, करून घेता येतात. आजोबांचे जुने पासबुक मिळाले तर रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर त्यांच्या नावाने दावा न केलेली ठेव आहे का ते पाहावे. उरलेली जुनी बिले आणि मुदत संपलेली वॉरंटी कार्डे रद्दीत जाऊ द्यावीत, मात्र आधार आणि खाते क्रमांक असलेले कागद फाडून.

बंद पडलेले मोबाइल, चार्जर आणि मिक्सर भंगारात देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून कंपनीच्या सेवाकेंद्रात किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात चौकशी करावी. फोन देण्याआधी फोटो उतरवून घ्यावेत, त्यावरच्या खात्यांतून बाहेर पडावे आणि सगळी माहिती पुसावी. फुगलेली बॅटरी घरात मुळीच ठेवू नये, ती पेट घेऊ शकते. मुदत संपलेली औषधे संडासात ओतू नयेत. ती वेगळ्या पिशवीत, वर तसे लिहून, घंटागाडीतल्या माणसाच्या हातात द्यावीत.

देवांच्या भंगलेल्या तसबिरींचा प्रश्न सर्वांनाच अवघड जातो. त्या टाकवत नाहीत, म्हणून पिंपळाच्या पारावर किंवा गोदावरीच्या काठावर नेऊन ठेवल्या जातात, तिथे त्यांच्या काचा फुटतात आणि पूर आला की चौकटींसह सगळे नदीत जाते. ज्या नदीला आपण गंगा म्हणतो तिच्यात हे जाऊ देणे मला पटत नाही. नमस्कार करून तसबीर उघडावी, काच आणि चौकट वेगळी करून सुक्या कचऱ्यात द्यावी. आतला साधा कागद बादलीभर पाण्यात रात्रभर भिजवून त्याचा लगदा झाडाच्या मुळाशी पुरावा. प्लास्टिकचा थर असलेला गुळगुळीत कागद विरघळत नाही, तो वेगळा काढावा. आम्ही हे घरच्या घरी, उदबत्ती लावून करतो.

राहिला प्रश्न गाद्यांचा. नाशिकच्या पुष्कळ घरांत सिंहस्थाला पाहुणे येतील म्हणून गाद्यांची चळत जपलेली असते. आमच्याकडे २००३ च्या गाद्या २०१५ साठी ठेवल्या होत्या, आणि तेव्हा त्यांतल्या निम्म्या गाद्यांना वास येत होता म्हणून पाहुण्यांसाठी भाड्याने आणाव्या लागल्या. आता २०२७ चा कुंभमेळा आहे आणि घरोघरी पुन्हा तोच विचार चालू असेल. ज्या गाद्यांचा कापूस चांगला आहे तो पिंजून दोन-तीन गाद्या भरून घ्याव्यात आणि बाकीची चळत काढावी. चार दिवसांसाठी गाद्या भाड्याने मिळतात.

कार्तिकी एकादशीला वही उतरवून सर्वांनी एकत्र बसावे आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचावी. जी वस्तू अजूनही हवी वाटते तिच्यापुढे खूण करावी आणि ती आणावी, मनापासून, चांगल्यातली. आमच्या वहीत यंदा खुणा तीनच झाल्या: मिक्सरचे भांडे, सासूबाईंची चप्पल आणि एक शिडी. माळ्यावरची डावीकडची फळी आम्ही रिकामी ठेवली आहे, तिच्या कडेला खडूने तारीख लिहिली आहे, आणि तिच्यावर काही ठेवायचे असेल तर ते आधी वहीत लिहायचे असे ठरले आहे.