संत गोन्सालो गार्सियाचा पोवाडा कसा बांधायचा

जानेवारी लागला की वडिलांचा डफ मी खुंटीवरून खाली काढतो. ६ फेब्रुवारीच्या सणाला संध्याकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या अंगणात आम्ही संत गोन्सालो गार्सियाचा, म्हणजे वसईत जन्मून जपानात धर्मासाठी क्रुसावर गेलेल्या संताचा, पोवाडा म्हणतो. बाहेरगावच्या काही पोरांनी तो कसा रचायचा म्हणून विचारलं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी काळ बांधून घ्या. कोल्हापुरात ‘वसई’ हा शब्द तोंडातून निघाला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चिमाजीअप्पा उभे राहतात. १७३९ ची ती मोहीम लोकांनी लई वेळा ऐकलेली असते. गोन्सालो त्याच्या १४२ वर्षं आधी क्रुसावर गेला. शिवरायांच्या जन्मालाही तेव्हा ३३ वर्षं अवकाश होता. हे पहिल्या चौकातच, म्हणजे पोवाड्याच्या पहिल्या भागातच, सांगून टाका, नाहीतर लोक शेवटपर्यंत तोफांची वाट बघत बसतात. नमन झालं की आमचं असं सुरू होतं:

वसईच्या कोटात वाढलं पोर
आई इथली, बाप दर्यापार
कोवळ्या वयात सोडलं घरदार
जी जी रं जी

ओळ कागदावर बरोबर वाटते आणि डफावर लंगडते. म्हणून लिहिताना डावा हात मांडीवर वाजता ठेवा. ‘गोन्सालो गार्सिया’ हे पूर्ण नाव ठेक्यात अडतं. ते एकदाच, गद्यात घ्या. पुढे नुसतं ‘गोन्सालो’ म्हणा, मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांनाही उचलायला सोपं जातं.

सगळ्यात जास्त जागा मधल्या चौकाला द्या. नवे शाहीर धावत मरणाच्या प्रसंगाकडे जातात. मीही पहिल्या वर्षी तेच केलं होतं, आणि पोरं चुळबुळ करत राहिली. गोन्सालोचं मोठेपण आधीच्या वर्षांत आहे. १५५६ च्या सुमाराला जन्मलेला हा मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षी येशूसंघाच्या (जेज्युइट) फादरांबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने आपलीशी केली, वर्षानुवर्षं लोकांना धर्मशिक्षण दिलं. संघात घ्या म्हणून विनवलं, पण त्याला घेतलं नाही. तो व्यापारात पडला, तिथे जम बसला, पैसा आला. आणि मग ते सगळं सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात ब्रदर झाला. ब्रदर, म्हणजे संघातला व्रतस्थ; फादर, म्हणजे धर्मगुरू, नव्हे. ही चूक छापील पत्रिकांतसुद्धा दिसते. दार बंद झालेला माणूस सुखवस्तू झाल्यावरही पुन्हा देवाचंच दार ठोठावतो, इथे चाल संथ करा आणि तुणतुणं एकटं वाजू द्या. आमच्याकडे बायका इथे डोळे पुसतात.

आईसाठी चार ओळी जरूर घाला. किनाऱ्यावर उभी राहिलेली आई रचता येते. तिला मनाने नाव मात्र देऊ नका.

१५९३ मध्ये तो फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून परत जपानला गेला, तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात बोलला. तलवार नाही, घोडा नाही. याचं हत्यार जीभ. हा एक धागा धरला की वीररस आपोआप येतो. १५९६ च्या अखेरीला धरपकड झाली, क्योतोमध्ये डाव्या कानाची पाळी कापली, आणि ऐन हिवाळ्यात जवळपास महिनाभर नागासाकीपर्यंत नेलं. आळंदी-पंढरपूर वारीपेक्षा कितीतरी लांबची वाट, तीही थंडीत आणि पहाऱ्यात. इथे द्रुत चाल घ्या, पण ठेका पावलांचा ठेवा, घोड्याच्या टापांचा नको.

आणि जपानी माणसाला राक्षस करू नका. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकलं, त्यांतले २० जपानीच होते. सुतार होते, स्वयंपाकी होते, पोरं होती. ‘जपान्यांनी मारलं’ अशी ओळ मी एकदा गायली होती, ती मला अजून बोचते. आज्ञा हिदेयोशीची होती, एवढं म्हणा.

८ जून १८६२ ला पोप नववे पायस यांनी या सगळ्यांना संतपद दिलं. भारतात जन्मलेला हा पहिला संत. हे दोन ओळींत उरका.

प्रयोगाच्या दिवशी डफ तापवायला विसरू नका. फेब्रुवारीत रंकाळ्याकडून गार वारा सुटतो, कातडं सैल पडतं. पाचट किंवा कागद पेटवून डफ लांबूनच फिरवा, टणटणीत वाजला की थांबा. जवळ धराल तर कातडं तडकेल.

शेवटी जयजयकार लगेच घेऊ नका. सगळी वाद्यं थांबवून डफावर २६ ठोके द्या, प्रत्येकाला श्वासभर जागा सोडून. आमच्याकडे सव्विसावा ठोका फडातलं सगळ्यात लहान पोर देतं. क्रुसावरचा लुई इबाराकी बारा वर्षांचा होता.