म्युझिक व्हिडिओवर प्रेक्षकांचा अभिप्राय घेताय? या चुका टाळा

विद्यार्थ्यांनी केलेला म्युझिक व्हिडिओ पहिल्यांदा चार लोकांना दाखवला की "भारी झालाय!" हे ठरलेलं. फॉर्म भरून घेतला जातो, दहापैकी नऊ गुण पडतात, टीम खूश होते. मग पुन्हा एडिटला बसल्यावर कळतं, की या कौतुकातून कुठला कट ठेवायचा आणि कुठला उडवायचा हे काही ठरत नाही. अशा बऱ्याच दाखवण्यांना मी बसले आहे. प्रेक्षक खोटं बोलत नसतात, त्यांना विचारलेलंच चुकीचं असतं.

आधी गोष्ट सांगायची, मग व्हिडिओ दाखवायचा

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. एका गटाचं गाणं विरहाचं होतं. मुलगा जिन्यात बसून पाकीट फोडतो, पत्र वाचतो. पुढच्या शॉटमध्ये मुलगी बॅग भरत असते. पहिल्या तिघांना दाखवताना दिग्दर्शक उत्साहाने म्हणाला, "म्हणजे ती त्याला सोडून चाललीये बरं का." तिघांनाही सगळं समजलं. चौथी मैत्रीण उशिरा आली, तिला काही न सांगता व्हिडिओ दाखवला. संपल्यावर ती म्हणाली, "बहीण शिकायला बाहेर चाललीये ना? छान टिपलंय." पुढे आणखी तिघांना गप्प राहून दाखवला, तर दोघांनी तेच नातं लावलं.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. संपूर्ण व्हिडिओत ते दोघं एकदाही एका चौकटीत दिसत नव्हते. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन शॉटमधला अर्थ प्रेक्षक स्वतः जुळवतो. मूकपटांच्या काळात रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी एकाच चेहऱ्यापुढे वेगवेगळे शॉट जोडून हेच दाखवलं होतं. तुमच्या मनातला अर्थ पडद्यावर नसेल, तर तो दुसऱ्याच्या मनात जाणार कसा? त्या गटाने पहिल्या अंतऱ्यात जेमतेम दोन सेकंदांचा एक शॉट घातला: एकाच इअरफोनची दोन टोकं दोघांच्या कानात. त्यानंतर कोणाला बहीण आठवली नाही.

म्हणून दाखवताना फक्त लांबी सांगा, "साडेतीन मिनिटांचा आहे," आणि गप्प बसा. मध्ये थांबवू नका, "हे अजून व्हायचंय" असं म्हणू नका. रंग किंवा ग्राफिक्स बाकी असतील तर तेवढं सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाका, नाहीतर सगळी चर्चा रंगांवरच होते.

"आवडला का?" हा प्रश्न

याचं उत्तर "हो" येतं, कारण समोर मित्र बसलेला असतो. शिवाय त्या "हो"मध्ये गाणं आवडलं, नायिका आवडली की व्हिडिओ आवडला, हे वेगळं काढता येत नाही. मुळातच लाडकं गाणं असेल तर त्याच्यावर काहीही लावलं तरी लोक डोलतात. त्यामुळे "हे गाणं आधी ऐकलं होतं का?" हे विचाराच. आणि जमल्यास एक-दोघांना व्हिडिओ आवाज बंद करून दाखवा. गोष्ट चित्रांमधून पोचते की शब्दांच्या आधारावर उभी आहे, ते लगेच दिसतं.

त्याऐवजी मी हे प्रश्न विचारते:

- आत्ता डोळे मिटले तर कोणता शॉट दिसतो?
- हे दोघं एकमेकांचे कोण?
- कुठे लक्ष उडालं?
- शेवटी काय झालं, तुमच्या शब्दांत सांगा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोक संकोचाने देतात, म्हणून ते तोंडी विचारण्याआधी डोळ्यांनी टिपा. दाखवताना पडद्याकडे बघू नका, तो तुम्ही शंभरदा पाहिलाय. बघणाऱ्यांकडे बघा. कोणाचा हात फोनकडे गेला, कोण खुर्चीत सरकून बसलं, कोणाच्या मानेने ठेका धरला, ते वेळेसकट लिहा. १:१० ला दोघांनी एकदम फोन पाहिला ही नोंद पन्नास "छान"पेक्षा कामाची आहे.

गुण मागायचेच असतील तर पायऱ्या दोन्ही बाजूंना सारख्या ठेवा. मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ साली मांडलेली पाच पायऱ्यांची पट्टी आजही फॉर्ममध्ये वापरतात. तिच्यात सहमतीला जितकी जागा, तितकीच असहमतीला. "ठीक, चांगला, छान, अप्रतिम" या पट्टीत नावडीला जागाच नाही. आणि "कॅमेरा आणि एडिटिंग कसं वाटलं?" हे दोन प्रश्न आहेत, ते दोनदा विचारा.

सगळ्यांना एकत्र बसवून मत घेणं

पहिला जो बोलतो, त्याच्या मागे बाकीचे जातात. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांत रेषांची लांबी ओळखण्यासारख्या सोप्या कामातही लोक, आजूबाजूचे सगळे चुकीचं बोलत असताना, साधारण एक तृतीयांश वेळा त्यांच्या चुकीला मिळाले. मग व्हिडिओसारख्या आवडीनिवडीच्या गोष्टीत काय होत असेल! आधी पाच मिनिटं प्रत्येकाला कागदावर लिहू द्या, मगच बोलू द्या. दिग्दर्शक आणि व्हिडिओत काम केलेले चेहरे खोलीबाहेर राहिले तर उत्तम.

आणि फक्त मित्रांना बोलावू नका. गाणं ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यातले, पण तुम्हाला न ओळखणारे पाच-सहा जण पुरतात. त्यातले कोणी अठराच्या आतले असतील तर पालकांना विचारा. फॉर्ममध्ये नाव, फोन नंबर मागायची गरजच नसते.

तांत्रिक बिघाडाला व्हिडिओचा दोष समजणं

"ओठ जुळत नाहीत" असं दोघांनी सांगितलं की टीम घाबरून रात्रभर शॉट सरकवत बसते. आधी तपासा की आवाज ब्लूटूथ स्पीकरमधून येत होता का. ब्लूटूथमध्ये आवाज अनेकदा शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की माणसाच्या लक्षात येऊ लागतं. सेकंदाला २५ फ्रेम (म्हणजे एकेक स्थिर चित्र) धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे आवाज दोन फ्रेम पुढे सरकला तरी डोळ्यांना खुपतो. वायरचा स्पीकर किंवा हेडफोन लावून पुन्हा बघा.

वायर लावूनही ओठ चुकतातच, आणि सुरुवातीला जुळलेले शेवटी सुटतात, तर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, तपासा. २३.९७६चं चित्रण २४ म्हणून चालवलं तर चार मिनिटांत जवळपास पाव सेकंदाचा फरक पडतो. फोन बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतो. अशा फाइल आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या, मग टाइमलाइनवर (एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या शॉटच्या पट्टीवर) आणा.

"अंधारात काही दिसत नाही" ही तक्रारही अशीच. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि गडद भाग चौकोनी ठिपक्यांचे होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा यूट्यूबवर अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असा) ठेवून लिंक द्या. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठे गळाले त्याचा आलेखही मिळतो, पण पाच-दहा जणांच्या बघण्यावर त्याचा भरवसा धरू नका.

सांगितलेला उपाय जसाच्या तसा करणं

लोक कुठे खटकलं ते बहुतेक बरोबर सांगतात, काय करायचं ते क्वचितच. एका व्हिडिओत १:४० ते १:५५ या पट्ट्यावर तिघांनी बोट ठेवलं. एक म्हणाला स्लो मोशन टाका, दुसरी म्हणाली नाच वाढवा, तिसऱ्याला ड्रोन शॉट हवा होता. टीम ड्रोनची चौकशी करायला निघाली! टाइमलाइन उघडून पाहिली तर तीच गच्ची तिसऱ्यांदा आली होती, आणि नवीन काही घडत नव्हतं. दोन शॉट काढले आणि गायकाचा जवळचा शॉट लावला. ड्रोन लागला नाही.

म्हणून वहीत उपायाआधी जागा लिहा: वेळ, बोलणाऱ्याचे नेमके शब्द, किती जणांनी म्हटलं, तुमचा निर्णय. एकट्याचं मत लगेच मानू नका, पण खोडूही नका. आठ जणांना विचारलं असेल तर "८ पैकी ६" लिहा, "७५ टक्के" लिहू नका. वर कुठल्या कटवरची, म्हणजे व्हिडिओच्या कितव्या आवृत्तीवरची, ही मतं आहेत त्याचा क्रमांक आणि तारीख टाका, नाहीतर प्रोजेक्टचा अहवाल लिहिताना तिसऱ्या कटची तक्रार पाचव्या कटला चिकटते.

बदल केल्यावर पुन्हा त्याच लोकांना बोलावलं तर त्यांना गोष्ट ठाऊक असते, आणि डोळा फक्त "आमचं ऐकलं का" हे शोधतो. म्हणून सगळे प्रेक्षक रफ कटवरच, म्हणजे कच्च्या आवृत्तीवरच, संपवू नका. तिघांना तरी काहीही न दाखवता, काहीही न सांगता, शेवटच्या कटसाठी राखून ठेवा.