गाजरगवतावरचा भुंगेरा बरणीत कसा वाढवायचा

दोन-तीन चांगले पाऊस झाले की वेताळ टेकडीच्या वाटेवर गाजरगवत गुडघ्याला लागतं. शेंडे कुरतडलेले दिसले की खाली वाका. तुरीच्या दाण्याएवढा, मळकट पांढऱ्या पाठीवर काळपट नागमोडी रेघा असलेला तो झायगोग्रामा भुंगेरा. मूळचा मेक्सिकोचा, १९८३ साली बंगळूरला आणलेला, याच गवताचा फडशा पाडायला. आणि हे गवत भारतात पहिल्यांदा लक्षात आलं ते १९५५च्या सुमारास, आपल्या पुण्यात. मिरवायला आणखी एक गोष्ट!

हातमोजे घालूनच तोडा. मी आळस केला आणि आठवडाभर कोपरापर्यंत खाजवत बसलो.

पानाखाली बारीक पिवळी अंडी असलेली डहाळी घ्या. औषधाच्या छोट्या बाटलीत पाणी भरून त्यात खोचा आणि बाटलीचं तोंड कापसानं बंद करा, नाहीतर अळ्या बुडतात. ही बाटली लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवा, वर मलमलचं फडकं बांधा. चार-पाच दिवसांत अळ्या निघतात. आधी कोवळे शेंडे खातात, मग पानं. अळीच्या चार अवस्था, मिळून दहा-पंधरा दिवस. रोज ताजा पाला, रोज लेंड्यांची सफाई.

बरणीच्या तळाशी चार बोटं ओलसर माती हवीच. पहिल्या वर्षी मी पेपर नॅपकिन घातला होता. "मामा, ह्या खाणं सोडून तळाशी का फिरतायत?" भाचीनं विचारलं. कोष करायला माती शोधत होत्या बिचाऱ्या. दोन दिवसांत काळ्या पडल्या. मातीत गेल्या की उकरू नका, नऊ-दहा दिवसांनी भुंगेरे आपणच वर येतात.

पुष्कळ जण याला लेडीबर्ड समजतात. मेलेला भुंगेरा भिंगाखाली धरा, पावलाचे सांधे मोजा. चार दिसतात, खरे पाच, पण चौथा इवलासा, तिसऱ्याच्या खोबणीत दडलेला. लेडीबर्डचे तीनच दिसतात. हा पानभुंग्यांच्या क्रायसोमेलिडी कुळातला. बटाट्याचा नाश करणारा कोलोरॅडो भुंगेरा याचा जवळचा भाऊबंद.

दिवाळीनंतर भुंगेरे दिसेनासे झाले तर माती फेकू नका. ते खाली झोपलेले असतात. माझी बरणी मोरीच्या कट्ट्यावर पडून होती. जूनमध्ये थोडं पाणी शिंपडलं, आणि एका सकाळी फडक्याला आतून तिघे चिकटलेले.