कातरणांची आयरिश चेन वाकळ कशी शिवावी

फोंड्यातला आमचा शिंपी कातरणं फुकट देतो. अट एकच, पिशवी उचलायची ती सगळी; दुकानात बसून निवडानिवड करायची नाही. त्यामुळे घरी काय येईल ते सांगता येत नाही. ब्लाउजपीसच्या पट्ट्या, शाळेच्या गणवेशाचा निळा, कुणाच्या तरी चवथीच्या परकर-पोलक्याचा जांभळा, आणि मधूनच चमचमतं नायलॉन. नायलॉन, सॅटिन, जॉर्जेट पहिल्याच दिवशी बाजूला काढा. इस्त्रीखाली ते आकसतं, आणि मे महिन्यात अंगावर घेतलं तर काय होतं ते गोव्यात कुणाला सांगायला नको. उरलेल्या सुती ढिगात एका रंगाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. असा ढीग पोटात घालणारा नमुना म्हणजे आयरिश चेन.

नाव आयरिश असलं तरी हा नमुना गाजला तो १९व्या शतकातल्या अमेरिकेत. रचना सोपी आहे. एक ब्लॉक नऊ घरांचा: चार कोपरे आणि मधलं घर रंगीत, उरलेली चार घरं फिकी. त्याच्या शेजारी तेवढ्याच मापाचा एक साधा फिका ब्लॉक. असं बुद्धिबळाच्या पटासारखं आलटून पालटून लावत गेलं की रंगीत घरं कोपऱ्याला कोपरा लावून तिरकी धावतात आणि साखळी दिसू लागते. दुहेरी साखळीचा प्रकारही आहे, त्यात पंचवीस घरांचे ब्लॉक येतात. पहिल्या खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नका.

साखळीत रंग कुठलाही चालतो, फिकेपणा मात्र चालत नाही. माझ्या पहिल्या वाकळीत मी एक लिंबू-पिवळं कापड सढळ हाताने वापरलं. कापड गोड होतं, म्हणून मोह झाला. सगळं जोडून पलंगावर पसरलं तर जिथे जिथे तो पिवळा होता तिथे साखळीला भोक पडलेलं. उसवण्याइतका धीर नव्हता, ती वाकळ अजून तशीच आहे. आता मी संध्याकाळी दिवा लावायच्या आधी, अंधुक उजेडात, तुकडे फिक्या घरांच्या मांजरपाटावर टाकून बघते. रंग कळेनासे होतात त्या वेळी जो तुकडा मांजरपाटात विरघळतो, तो साखळीतून बाद.

फिक्या भागासाठी मात्र एकच कापड घ्या, सगळ्या वाकळीला तेच. इथे काटकसर करून चार प्रकारचे पांढरे जोडलेत तर कातरणांच्या गोंधळाला टेकायला जागाच राहत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावात मांजरपाट किंवा पॉपलीन सहज मिळतं. ४४ इंच पन्ह्याचं ३ मीटर घ्या. हिशेबाने अडीच मीटरच लागतं, पण मांजरपाट पहिल्या धुण्यात आखडतं आणि कापताना एखादी चूक होतेच.

आता मोजमाप. नऊ घरांच्या ब्लॉकचं प्रत्येक घर शिवून झाल्यावर २ इंचाचं, म्हणजे ब्लॉक ६ इंचाचा, बरोबर अर्धा फूट. आडवे ९ आणि उभे १३ ब्लॉक लावले की साडेचार फूट बाय साडेसहा फुटांची वाकळ होते, एका माणसाला पांघरायला पुरेशी. एकूण ब्लॉक ११७. त्यातले ५९ नऊ घरांचे आणि ५८ साधे. दोन्ही बाजूंना विषम संख्या ठेवायची, तरच चारही कोपऱ्यांत नऊ घरांचा ब्लॉक येतो. रंगीत चौकोन लागतील २९५, फिके २३६.

कापण्याआधी सगळं धुवा. लाल, किरमिजी आणि गडद निळ्या कापडाचा एकेक तुकडा कढत पाण्यात बुडवून पांढऱ्या रुमालावर दाबून बघा. रुमालाला डाग पडला तर ते कापड रंग सोडणं थांबवेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायचं, नाहीतर सरळ टाकून द्यायचं.

सगळे चौकोन अडीच इंचाचे कापायचे. जाड पुठ्ठ्याचा अडीच इंची साचा आणि शिंप्याचा खडू एवढ्यावर काम भागतं. फक्त पुठ्ठ्याच्या कडा झिजतात, तेव्हा पन्नासएक चौकोनांनंतर नवा साचा करा. चौकोन धाग्याला धरून कापा. जागा वाचवण्यासाठी उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं, कापलात तर तो शिवताना ताणला जाईल. चौकड्याच्या कापडाला हे दुप्पट लागू. माझ्याकडे जुन्या लाल कुणबी साडीचा एक तुकडा होता. त्यावरची रेघ चौकोनाच्या कडेपासून अर्धा सूत जरी तिरकी गेली, तरी तोच एक चौकोन डोळ्यांत खुपायचा. साध्या ब्लॉकचे मोठे चौकोन आताच कापू नका. त्याचं कारण पुढे येतं.

शिवताना दाब, म्हणजे शिवणीच्या बाहेर राहणारी कापडाची कड, पाव इंचाचा, म्हणजे २ सूत. वाकळ बिघडते ती बहुतेक इथेच. समजा हात जरा जड पडला आणि दाब अडीच सूत गेला. नऊ घरांच्या ब्लॉकमध्ये एका दिशेला दोन शिवणी येतात, प्रत्येक शिवण दोन्ही तुकड्यांतून अर्धा-अर्धा सूत जास्त खाते, आणि कडेचे दाब धरून साडेसहा इंचाचा व्हायला हवा तो ब्लॉक सव्वासहाचा होतो. मशीनच्या सुईपासून पाव इंचावर पत्र्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा आणि कापडाची कड त्याला घासत न्या. इतकं करूनही माप थोडं इकडेतिकडे होतंच. म्हणून आधी सगळे ५९ ब्लॉक शिवा, दहाबारा मोजा, आणि जे माप सारखं सारखं येतंय त्या मापाचे साधे चौकोन कापा. सव्वासहा तर सव्वासहा. वाकळ दोन-तीन इंचांनी लहान होईल, पण कोपरे जुळतील.

ब्लॉकच्या तीन ओळी असतात: रंगीत-फिका-रंगीत, फिका-रंगीत-फिका, पुन्हा रंगीत-फिका-रंगीत. चौकोन जोडून ओळ झाली की उलट बाजूने इस्त्री करताना शिवणीचे दाब रंगीत कापडाकडे झुकवा. असं केलं की वरच्या ओळीचे दाब बाहेरच्या दिशेला पडतात आणि मधल्या ओळीचे आतल्या. दोन ओळी सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून शिवणीपाशी चिमटीत धरा आणि बोटं हळूच घासा. दोन्ही दाब एकमेकांना अडून थांबतात, तिथे बोटाला कळतं. तिथेच टाचणी. ही अटकाव सापडली की डोळ्यांनी जुळवायची गरज उरत नाही. मी लाइट गेलेली असताना टाचण्या लावलेल्या आहेत. इस्त्री वरून खाली दाबायची, घासायची नाही, घासली की कापड ताणतं.

एकाच ब्लॉकमध्ये एकच कापड दोनदा येऊ नये एवढंच मी पाळते, बाकी पिशवीत हात घालून येईल तो चौकोन. फार ठरवून लावलं की कातरणांची गंमत जाते.

ब्लॉक जोडताना पहिली ओळ नऊ घरांच्या ब्लॉकने सुरू, दुसरी साध्याने. दाब नेहमी साध्या ब्लॉककडे झुकवा, म्हणजे ओळी जोडताना तीच अटकाव पुन्हा मिळते. दर ओळीला क्रमांकाची चिठ्ठी टाचा. माझ्या ओळी एकदा पंख्याने उडाल्या होत्या.

पाठीला एक जुनी पाचवारी सुती साडी घ्या. ८२ इंचांचे दोन तुकडे कापून उभे जोडायचे आणि रुंदी ५८ इंच ठेवायची, म्हणजे चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्तीचे राहतात. यात सव्वाचार मीटर जातं, साडी साडेपाचची, तेव्हा विरलेला भाग टाळायला मोकळीक आहे. साडी उजेडासमोर धरून बघा. निऱ्यांच्या आणि फॉलच्या आसपास ती आधी विरते. पोटात कापूस घालावा असं बरेच जण सांगतात. मला ते आपल्या हवेत पटत नाही. कापसाची गादी पावसाळ्यात ओल धरते, धुतली तर दिवसेंदिवस वाळत नाही, आणि मग बुरशीचे काळे ठिपके. पोटात दुसरी मऊ साडी किंवा जुनं धोतर घाला. आमच्या आज्या तेच करत होत्या.

जमिनीवर पाठीची साडी उलटी पसरा, वर पोटाचा थर, वर जोडलेलं कापड सुलट. मधून बाहेरच्या दिशेने वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. शेजारच्या उत्तर कन्नडात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची वाकळ, शिवतात, त्यांची रीत बरोबर उलटी: कडेपासून सुरुवात, ठिगळ लावतानाच धावदोरा, आणि घेरे घेत मध्यावर शेवट. तिथे थर हाताखालीच बसत जातात. आपण ठिगळं आधीच जोडून बसलो आहोत, म्हणून झोळ बाहेर ढकलत न्यावा लागतो. कडेकडून आलात तर मध्ये फुगा येईल.

धावदोरा हाताने घाला. साखळीच्या रंगीत घरांतून कोपऱ्याला कोपरा तिरका टाका न्यायचा, दोन्ही दिशांनी. तेवढ्याने साधे ब्लॉक मोकळेच राहतात आणि पोटातली साडी धुताना गोळा होते, म्हणून त्यांचेही कर्ण शिवून घ्या. मग दोन रेघांमधलं अंतर साधारण सव्वाचार इंच राहतं. एका इंचात पाचसहा टाके येत असतील तर उत्तम, चार आले तरी वाकळ टिकते. हे काम मी मिरगापासून चवथीपर्यंतचं धरते. बाहेर पाऊस, मांडीवर वाकळ.

कडेला गोट. उरलेल्या कातरणांच्या अडीच इंची पट्ट्या जोडून सात मीटर लांबी करा, उभी दुमडून दुहेरी करा, वाकळीच्या सुलट बाजूने मशीनवर शिवा आणि मागे वळवून हाताने तुरपाई करा.

धुणं पाऊस पूर्ण थांबल्यावर. थंड पाणी, साबण कमी, दोघांनी दोन टोकांना धरून पिळायचं आणि दोरीवर न टांगता कुंपणावर आडवी पसरायची. खडूच्या रेघा जातात, साड्या किंचित आखडतात आणि प्रत्येक टाक्याच्या दोन्ही बाजूंना बारीक सुरकुत्या उठतात. त्यावर इस्त्री फिरवू नका.