अंध विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन साहित्य तयार करताना या चुका टाळा

विद्यापीठातील अंध विद्यार्थ्यांपर्यंत अभ्याससाहित्य पोहोचवण्याचे काम मी काही वर्षे करतो आहे आणि प्रत्येक सत्राच्या आरंभी त्याच चुका नव्या हातांनी होताना पाहतो.

सर्वांत चिवट चूक जुन्या फॉन्टची. कृतिदेव किंवा श्रीलिपीतल्या जुन्या मजकुरात संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसतेच. इंग्रजी अक्षरांवर मराठी वळणे चढवलेली असतात. कृतिदेवमधला ‘भारत’ पडद्यावर सुबक दिसतो, पण पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या स्क्रीन रीडरला तेथे एच, के, के, जे, आर एवढेच सापडते. एका प्राध्यापकांनी एम. ए.च्या विद्यार्थिनीला अर्थशास्त्राच्या साठ पानी नोट्स अशाच पाठवल्या. तिने तक्रार केल्यावर ‘माझ्याकडे तर उघडते’ असे म्हणून त्यांनी त्याच फाइलची पीडीएफ केली, आणि पुन्हा तक्रार आल्यावर अक्षरे मोठी करून दिली! अखेर मी तिच्या लॅपटॉपचा आवाज त्यांना फोनवर ऐकवला, तेव्हा त्यांनी विचारले, “हे कोणत्या भाषेत चालले आहे?” तोवर परीक्षा नऊ दिवसांवर आली होती. फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी म्हणून कळणाऱ्या अक्षरांत, आणला खरा, पण रफार आणि जोडाक्षरे जागोजाग विस्कटली आणि ती सुधारण्यात माझ्या दोन रात्री गेल्या. एका क्लिकवर काम झाले असे मानणाऱ्या उतावळ्यांना मी हीच फाइल दाखवतो. माझी सवय साधी आहे: कोणत्याही फाइलमधला एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवायचा, तेथे मराठी दिसले नाही, तर फाइल परत.

पुस्तकाच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून त्यांची पीडीएफ करणे हा त्याच घराण्यातला आळस आहे. त्यात अक्षरेच नसतात, केवळ चित्र असते. स्वच्छ, सरळ स्कॅन असेल तर छापील मराठीचे ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणे, बऱ्यापैकी होते; तिरक्या फोटोचे आणि हस्ताक्षराचे होत नाही. स्कॅनिंगला बसण्याआधी 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात ते पुस्तक आहे का, हे मी पाहतो.

ऑनलाइन तासाला स्क्रीन शेअर करून ‘हा आलेख पाहा, येथून तो असा खाली येतो’ असे म्हणू नये. शेअर केलेला पडदा समोरच्याकडे चित्र म्हणूनच पोहोचतो, त्यामुळे स्लाइड आदल्या दिवशी पाठवाव्यात आणि किंमत वाढली की मागणी किती घटली, हे तोंडाने सांगावे.

शीर्षक नुसते ठळक करू नये, वर्डमधली शीर्षकासाठीची हेडिंग स्टाइल वापरावी. ‘येथे क्लिक करा’ अशा दहा लिंक एका पानावर ठेवू नयेत.

चाचणीत जोड्या माउसने ओढून लावायला सांगू नये. मी माउस काढून ठेवतो आणि निव्वळ टॅब कळीने पेपर सोडवून पाहतो. लेखनिकासंबंधीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटे भरपाई वेळ सांगितला आहे, आणि मूडल या ऑनलाइन अध्यापन-परीक्षा प्रणालीत एकेका विद्यार्थ्यापुरती वेळमर्यादा वाढवता येते. तरीही घड्याळ सर्वांना सारखेच लावले जाते आणि पेपर मध्येच बंद पडला की मला फोन येतो.